हार्मोनच्या गोळीबद्दल तुम्ही विचारलंत

मागच्या महिन्यात एका पत्राला उत्तर देताना लेट्रोझोल या गोळीवर मी जेमतेम चार ओळी लिहिल्या होत्या, आणि त्यानंतर जी पत्रं यायला लागली ती अजून थांबलेली नाहीत. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, पाळी कधीच गेलीय, आता रोज एक छोटीशी गोळी घ्यायची आहे पाच वर्षं, आणि त्या गोळीबद्दल कुणीच नीट बोलत नाही, असं बहुतेकींचं म्हणणं आहे. म्हणून या वेळचं सदर पूर्ण त्यालाच. मी डॉक्टर नाही हे पुन्हा एकदा सांगते, कॅन्सरच्या डे-केअरमध्ये २२ वर्षं नर्स होते, आणि खालची उत्तरं छापायला देण्याआधी एका ऑन्कॉलॉजिस्ट मॅडमनी नजरेखालून घातली आहेत.

प्रश्न : ताई, माझं वय ६१, पाळी जाऊन ११ वर्षं झाली. गेल्या वर्षी डाव्या बाजूची गाठ निघाली, ऑपरेशन झालं, किमो लागली नाही, रेडिएशनच्या १५ लाईट घेतल्या आणि मग लेट्रोझोल २.५ सुरू केली. पहिले दोन महिने काही नाही, तिसऱ्यापासून सकाळी उठलं की मूठच वळत नाही. भाकरी थापता येत नाही, दारात रांगोळी काढायला बसले तर चिमटीतून रांगोळी धड सुटत नाही, एकदम ढीग पडतो. खुर्चीतून उठताना तर नव्वदीच्या बाईसारखं होतं. तीन आठवड्यांपूर्वी मीच गोळी बंद केली. घरात कुणाला माहीत नाही, मुलगा पट्टीतल्या गोळ्या मोजतो म्हणून रोज रात्री एक काढून बेसिनमध्ये टाकते. आता बोटं बरीच हलतात. कॅन्सर तर ऑपरेशनमध्ये निघालाच ना, मग ही गोळी हवीच का? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुम्ही हे लिहिलंत त्याचं मला फार बरं वाटलं, कारण असं करणाऱ्या तुम्ही एकट्या नाही आणि बाकीच्या बऱ्याच जणी कुणालाच सांगत नाहीत. आमच्या वॉर्डला एक काकू दर तीन महिन्यांनी तपासणीला यायच्या. एकदा येताना त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा आणला, उघडला तर आत पट्ट्याच पट्ट्या, एकाही गोळीचा फुगा फुटलेला नाही, आणि वर रबरबँड लावून मेडिकलच्या पावत्या. दर महिन्याला गोळ्या विकत घ्यायच्या म्हणजे घरच्यांना पावती दिसेल, आणि डब्यात ठेवून द्यायच्या. चौदा महिने. त्या रडत होत्या आणि मला आठवलं की या चौदा महिन्यांत मी त्यांना दर वेळी एकच विचारलं होतं, "काकू, गोळी चालू आहे ना?" आणि त्या हो म्हणायच्या. "हात दुखतात का हो?" असं मी एकदाही विचारलं नव्हतं. त्या दिवसापासून मी आधी त्रास विचारायला लागले आणि मग गोळीचं.

आता तुमचा मुख्य प्रश्न. ऑपरेशनने गाठ निघाली हे खरंच. पण गाठ असताना काही पेशी सुटून शरीरात कुठेतरी जाऊन बसलेल्या असू शकतात, त्या इतक्या थोड्या असतात की कुठल्याही स्कॅनमध्ये दिसत नाहीत. तुमच्या रिपोर्टमध्ये ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह असं लिहिलेलं असणार, म्हणजे या पेशी इस्ट्रोजेन या हार्मोनवर वाढतात. पाळी चालू असते तेव्हा इस्ट्रोजेन अंडाशयातून येतं, तो झाला गावाचा मेन नळ. पाळी गेली की मेन नळ बंद. पण गल्लोगल्ली हापसे असतातच ना, तसं आपल्या चरबीत, स्नायूंत, अगदी स्तनाच्या पेशींतसुद्धा अरोमाटेज नावाचं एक एन्झाइम असतं, ते किडनीच्या वरच्या ग्रंथीतून आलेल्या दुसऱ्या हार्मोनचं इस्ट्रोजेन करतं. थोडंच, पण लपून बसलेल्या पेशीला तेवढं पुरतं. लेट्रोझोल, अॅनास्ट्रोझोल आणि एक्झेमेस्टेन या तीन गोळ्या हे हापसे बंद करतात, बस एवढंच त्यांचं काम.

आणि या कामाचा फायदा केवढा, तर ऑक्सफर्डच्या मंडळींनी जगभरच्या चाचण्यांतल्या जवळपास ३२ हजार पाळी गेलेल्या बायकांची माहिती एकत्र करून २०१५ मध्ये छापली, त्यात दिसलं की या गोळ्या पाच वर्षं घेतल्या तर दहा वर्षांत स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू येण्याचा धोका, हार्मोनची कुठलीच गोळी न घेणाऱ्यांच्या तुलनेत साधारण ४० टक्क्यांनी कमी होतो, आणि टॅमॉक्सिफेन या हार्मोनच्या जुन्या गोळीच्या तुलनेतही १५ टक्क्यांच्या आसपास कमी. तुमच्या स्वतःच्या बाबतीत हा फायदा किती मोठा, हे गाठ केवढी होती, काखेतल्या गाठींत गेला होता का, ग्रेड काय होती यावर ठरतं. गाठ अगदी बारीक आणि सौम्य असेल तर फायदाही लहान असतो, आणि तो आकडा डॉक्टरांना सरळ विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. पण तो निर्णय डॉक्टरांसमोर बसून घ्यायचा, बेसिनपाशी एकटीने नाही.

दुखण्याबद्दल आता, कारण खरा विषय तोच आहे. या गोळ्या घेणाऱ्या जवळजवळ निम्म्या बायकांना सांधे दुखतात, आखडतात. तुम्ही लिहिलंय तसंच अगदी, सुरुवात दोन-तीन महिन्यांनी, सकाळी जास्त, बसून उठताना जास्त, जरा हालचाल झाली की कमी. काहींचं बोट वाकलं की अडकतं आणि टक्कन सुटतं, काहींना रात्री हाताला मुंग्या येतात. हे सगळं इस्ट्रोजेन एकदम खाली गेल्यामुळे होतं, कॅन्सर हाडात गेला म्हणून नाही. ही भीती कित्येकींच्या मनात असते आणि तीही बोलली जात नाही. सांधे वाकडे-तिकडे होत नाहीत, आणि तुम्ही स्वतःच बघितलंत, गोळी थांबली की कमी होतं. मात्र एकाच ठिकाणी, मणक्यात किंवा मांडीच्या हाडात, रात्रंदिवस दुखत असेल आणि दिवसेंदिवस वाढत असेल तर ते या प्रकारातलं धरू नका, लगेच दाखवा.

याच्यावर करण्यासारखं खूप आहे. पहिलं म्हणजे याच आठवड्यात डॉक्टरांना फोन करून खरं सांगा की तीन आठवडे बंद आहे. ते चिडतील ही भीती सोडा, तीन आठवड्यांनी काही हातचं गेलेलं नाही. बऱ्याचदा डॉक्टर स्वतःच दोन-चार आठवडे गोळी थांबवायला सांगतात आणि मग तीच न देता दुसरी देतात, अॅनास्ट्रोझोल १ मिलिग्रॅम किंवा एक्झेमेस्टेन २५ मिलिग्रॅम. काम एकच असलं तरी एक सोसत नाही आणि दुसरी सोसते असं पुष्कळ जणींचं होतं. तिन्ही जमल्या नाहीत तर टॅमॉक्सिफेन आहेच. सोबत ड जीवनसत्त्व आणि थायरॉइड तपासून घ्या, आपल्याकडे ड कमी नसलेली बाई मला क्वचितच भेटली.

दुसरं, आणि हे ऐकून तुम्हाला राग येईल, पण व्यायाम. दुखतंय म्हणून आपण बसून राहतो आणि बसून राहिलं की जास्त दुखतं. अमेरिकेत येल विद्यापीठाने या गोळ्यांनी सांधे दुखणाऱ्या १२१ बायका घेतल्या, निम्म्यांना वर्षभर आठवड्यातून दोनदा वजनं उचलायचा व्यायाम आणि आठवड्याला १५० मिनिटं भरभर चालणं असं दिलं, तर त्यांचं दुखणं साधारण ३० टक्क्यांनी उतरलं, बाकीच्यांचं फारसं हललं नाही. तुम्हाला जिम नको. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली दोन्ही हातांत, सकाळी खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठ-बस, आणि संध्याकाळी अर्धा तास चालणं. ज्या बाजूचं ऑपरेशन झालंय त्या हाताने वजन किती आणि कसं वाढवायचं हे फिजिओथेरपिस्टला एकदा विचारून घ्या, काखेतल्या गाठी काढल्या असतील तर विशेष. सकाळी उठल्या उठल्या कोमट पाण्याच्या पातेल्यात हात घालून पाच मिनिटं मुठी वळा, उघडा. आमच्या एक काकू त्या पातेल्यात मऊ स्पंज टाकायच्या आणि तो पिळत बसायच्या, म्हणायच्या की चहाच्या आधी हे केलं की कप हातातून सुटत नाही. एवढ्याने भागलं नाही तर पॅरासिटामोल, आणि त्यापुढे ड्युलोक्सेटिन नावाचं एक औषध डॉक्टर देऊ शकतात, त्याचीही या दुखण्यावर रीतसर चाचणी झालेली आहे. अॅक्युपंक्चरचीही झालेली आहे आणि थोडा फरक पडतो, सोय असेल तर करून बघायला हरकत नाही.

आणि मुलाला सांगा हो. तो गोळ्या मोजतो म्हणजे घाबरलेला आहे. मोजणं त्याला जमतं, "आई दुखतंय का" हे विचारणं जमत नसेल. तुम्ही पहिल्यांदा बोलून बघा.

प्रश्न : माझ्या आईला (वय ६४) अॅनास्ट्रोझोल बंद करून लेट्रोझोल दिली. माझी मामेबहीण म्हणाली अगं ही तर मला मूल व्हावं म्हणून दिली होती, पाळीच्या दिवसांत पाच दिवस! मेडिकलवाल्यालाही विचारलं तर तोही म्हणाला गायनॅकच्या पेशंट नेतात ही. चुकीची गोळी दिली गेलीय का? – नाशिक

उत्तर : नाही, गोळी बरोबर आहे आणि मामेबहीणही बरोबर आहे. वर नळ आणि हापशाचं सांगितलं ना, तेच इथे. तरुण बाईत हापसे बंद केले की मेंदूला वाटतं पाणी कमी पडतंय, तो अंडाशयाला जोर लावायला सांगतो आणि त्या जोरात बीज तयार होतं. म्हणून पाचच दिवस देतात. तुझ्या आईचं अंडाशय थांबलेलं आहे, तिथे कितीही निरोप गेला तरी नळ सुटत नाही, त्यामुळे फक्त हापसे बंद होतात आणि तेच आपल्याला हवंय. आपल्या देशात २०११ मध्ये मूल होण्यासाठी ही गोळी द्यायला सरकारने बंदी घातली होती आणि २०१७ मध्ये ती उठवली, त्या काळातल्या बातम्या अजून फिरत असतात, त्यानेही गोंधळ होतो. आईच्या कॅन्सरच्या उपचाराशी त्या बंदीचा काही संबंध नव्हता.

प्रश्न : मी ४६ वर्षांची आहे. किमोच्या तिसऱ्या सायकलनंतर पाळी गेली, आता नऊ महिने नाही. माझ्याबरोबर किमो घेणाऱ्या ताईंना (५८) लेट्रोझोल आणि मला टॅमॉक्सिफेन २०. नेटवर वाचलं की लेट्रोझोल जास्त चांगली. पाळी तर माझीही गेलीय, मग मला जुनी गोळी का? पैशांकडे बघून दिली का? – डोंबिवली

उत्तर : नाही गं, पैशांकडे बघून नाही. किमोने गेलेली पाळी आणि वयाने गेलेली पाळी यात फरक आहे. किमोने अंडाशय बऱ्याचदा नुसतं झोपतं, आणि चाळिशीतल्या बायकांत ते सहा महिन्यांनी, वर्षाने, कधी दोन वर्षांनीही जागं होतं. अशा वेळी नुसती लेट्रोझोल दिली तर काय होईल, वरच्या मामेबहिणीचं उत्तर वाच, झोपलेल्या अंडाशयाला उलट हाक मारल्यासारखं होईल, मेन नळ सुटेल आणि गोळी निरुपयोगी. पाळी दिसायच्या आधीसुद्धा हे होऊ शकतं, अगदी दिवस राहिल्याच्याही केसेस आहेत. टॅमॉक्सिफेनचं काम वेगळं, ती पाणी बंद करत नाही, पेशीच्या तोंडावर झाकण बसवते, नळ चालू असो की बंद. म्हणून तुझ्या वयाला तीच पहिली.

ती जुनी आहे हे खरं, अमेरिकेत १९७७ पासून वापरात आहे, पण जुनी म्हणजे कमी नव्हे. पाच वर्षं टॅमॉक्सिफेन घेतल्याने पंधरा वर्षांतले स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू साधारण एक तृतीयांशाने कमी होतात, एवढं काम फार थोड्या औषधांनी केलंय. तुझा कॅन्सर जास्त धोक्याचा असेल तर दर महिन्याला पोटावर इंजेक्शन देऊन अंडाशय बंद ठेवतात आणि मग लेट्रोझोलच्या गटातली गोळी देतात. तेव्हा डॉक्टरांना असं विचार, "मला अंडाशय बंद ठेवायच्या इंजेक्शनची गरज आहे का?" पुढे एफएसएच आणि इस्ट्राडिओल या रक्ताच्या तपासण्या करून पाळी खरंच गेली का ते बघतील आणि मग गोळी बदलतीलही.

टॅमॉक्सिफेनवर असताना तीन गोष्टी मात्र लक्षात ठेव. पाळी गेल्यावर परत अंगावरून लाल गेलं, अगदी डाग दिसला तरी, गायनॅककडे जायचं, कारण गर्भाशयाच्या अस्तरावर या गोळीचा परिणाम होतो. एका पायाची पोटरी सुजली, दुखायला लागली किंवा एकदम दम लागला तर तडक हॉस्पिटल, रक्ताची गुठळी असू शकते. आणि झोपेसाठी किंवा उदास वाटतं म्हणून कुणी पॅरोक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन दिली तर आधी सांग की मी टॅमॉक्सिफेनवर आहे, त्या गोळ्यांनी टॅमॉक्सिफेनचा जोर कमी होतो. अंगातून वाफा निघण्यावरही काही डॉक्टर याच जातीचं औषध लिहून देतात, म्हणून मुद्दाम सांगितलं.

प्रश्न : माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या, अॅनास्ट्रोझोल चालू होऊन दोन वर्षं झाली. डेक्सा (हाडं किती भक्कम आहेत ते बघायची तपासणी) केला तर टी स्कोअर उणे २.७ आला. डॉक्टर म्हणतात दर सहा महिन्यांनी हाडांचं सलाईन घ्या. त्या म्हणतात मी रोज दूध पिते, मला कशाला सलाईन, एवढं सगळं अंगात भरून मीच मरेन. दाताचा पण काहीतरी संबंध आहे म्हणे. कसं समजावू? – पुणे

उत्तर : सासूबाईंना कंटाळा आलाय, आणि तो यायलाच हवा, दोन वर्षं हॉस्पिटलच्या वाऱ्या. तरी हे सलाईन घ्यावंच असं माझं मत आहे. उणे १ पर्यंत हाड ठीक, उणे १ ते उणे २.५ म्हणजे विरळ व्हायला लागलंय, उणे २.५ आणि त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, हाड ठिसूळ झालंय. इस्ट्रोजेन हाडांचा राखणदार असतो, गोळीने तो जवळजवळ शून्यावर नेला, मग हाड झिजायचा वेग वाढणारच, दुधाने एकट्याने तो भरून निघत नाही. दूध चालूच ठेवा, नाचणीची भाकरी, तीळ, हे सगळं हवंच, दिवसाला एकूण १००० ते १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम जेवण आणि गोळी मिळून व्हायला हवं आणि ड जीवनसत्त्व डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. पण उणे २.७ नंतर औषध लागतं.

ते सलाईन म्हणजे झोलेड्रोनिक अॅसिड, ४ मिलिग्रॅम, चढायला पंधरा-वीस मिनिटं लागतात, त्याच दिवशी घरी. पहिल्या वेळी रात्री ताप येतो, अंग मोडून येतं, दोन दिवसांत जातं, हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर त्या म्हणतील बघा मी सांगितलं होतं. पॅरासिटामोल आणि भरपूर पाणी. सलाईनच्या आधी किडनीचं क्रिएटिनिन आणि रक्तातलं कॅल्शियम बघतात. दाताचं म्हणाल तर खरंय. या औषधावर असताना दात काढला तर क्वचित जबड्याच्या हाडाची जखम भरत नाही. म्हणून आधी डेंटिस्टकडे जायचं, हलणारे, किडलेले दात जे काय काढायचेत ते काढून घ्यायचे, जखम भरू द्यायची, मग सलाईन. आणि पुढे कधीही दात काढायची वेळ आली तर दाताच्या डॉक्टरांना हे औषध घेतल्याचं सांगायचं. कुणी सलाईनऐवजी डेनोसुमॅबचं इंजेक्शन सुचवलं तर तेही चांगलं आहे, पण ते मध्येच सोडून चालत नाही, सोडलं तर मणके एकदम दबू शकतात.

सासूबाईंना एक गोष्ट सांगून बघा, पाळी गेलेल्या बायकांत या सलाईनमुळे कॅन्सर हाडात परत यायची शक्यताही थोडी कमी होते. माझा अनुभव असा की "हाडं ठिसूळ होतील" यापेक्षा हे वाक्य जास्त ऐकलं जातं. आणि घरात बघा, बाथरूममध्ये रबरी मॅट, संडासात धरायला दांडा, रात्री छोटा दिवा आणि ते दारातलं पायपुसणं आधी उचला. कमरेचं हाड मोडलेल्या जेवढ्या काकू मी बघितल्या त्यातल्या कितीतरी जणी रात्री लघवीला उठताना पायपुसण्याला अडकून पडल्या होत्या.

प्रश्न : गावाचं नाव छापू नका. वय ५५, एक्झेमेस्टेन चालू आहे. खाली इतका कोरडेपणा आलाय की नवऱ्याजवळ जायची भीती वाटते, लघवीला पण जळजळतं. ते काही म्हणत नाहीत, पण आम्ही वर्षभर वेगळे झोपतो. हे डॉक्टरांना कसं सांगू, ते पुरुष आहेत.

उत्तर : ताई, हा गोळीचाच परिणाम आहे, तुमचं मन उडालं किंवा वय झालं असं काही नाही. डॉक्टरांना तोंडाने सांगवत नसेल तर चिठ्ठीवर दोन ओळी लिहा, फाइलमध्ये वरच ठेवा आणि फाइल पुढे करा, मी कित्येकींना असं करायला लावलंय आणि एकाही डॉक्टरने वेगळ्या नजरेने बघितलेलं मला आठवत नाही. नाहीतर तिथल्या नर्सला सांगा.

मेडिकलमध्ये योनीमार्गासाठी मॉइश्चरायझर जेल मिळतं, हायल्युरॉनिक अॅसिड असलेलं वगैरे, ते आठवड्यातून दोन-तीनदा लावायचं, जवळ यायचं असो वा नसो, जसं आपण टाचांना रोज काहीतरी लावतो तसं. जवळ येताना त्याशिवाय पाण्यावर आधारित लुब्रिकंट, भरपूर. नुसतं एकदा लावून सोडू नका, फरक पडायला दोन-तीन महिने जातात. साबण, डेटॉलचं पाणी, सुगंधी वॉश हे सगळं तिथे बंद. जळजळीसाठी आधी लघवीची तपासणी करून घ्या, इन्फेक्शन असेल तर त्याचं औषध वेगळं. इस्ट्रोजेनचं क्रीम मात्र मैत्रिणीचं बघून किंवा मेडिकलवाल्याला विचारून लावू नका, एकीकडे आपण हापसे बंद करतोय आणि दुसरीकडून बादली आणतोय असं होईल. अगदीच गरज पडली तर गायनॅक आणि कॅन्सरचे डॉक्टर एकमेकांशी बोलून ठरवतात.

आणि नवऱ्याशी बोला. ते काही म्हणत नाहीत याचा अर्थ त्यांना राग आहे असा नाही, बहुतेक तुम्हाला दुखेल म्हणून ते लांब राहत असतील. आधी नुसतं एका खोलीत झोपायला सुरुवात करा.

प्रश्न : सोयाबीन, शतावरी कल्प आणि जवस चालेल का? आणि गोळी एखादा दिवस राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या का? – म्हापसा

उत्तर : जेवणातलं सोयाबीन, टोफू, चटणीत जवस, काही हरकत नाही, खुशाल खा. सोयाच्या गोळ्या, पावडरी, "महिलांसाठी हार्मोन बॅलन्स" असं लिहिलेले डबे आणि शतावरी रोजच्या रोज, हे मात्र डॉक्टरांना दाखवल्याशिवाय नको, यातल्या काहींचं काम इस्ट्रोजेनसारखं असू शकतं आणि डब्यात नेमकं काय किती आहे ते कळत नाही. गोळी राहिली आणि त्याच दिवशी आठवलं तर घ्या, दुसऱ्या दिवशी आठवलं तर गेलेली सोडा, दोन एकदम नाही. लेट्रोझोल आणि अॅनास्ट्रोझोल कधीही चालतात, एक्झेमेस्टेन जेवणानंतरच. कालनिर्णयवर दुधाचा हिशोब लिहितो तिथेच रोज एक टिंब करायची सवय लावा. महाग पडत असेल तर डॉक्टरांना जेनेरिक लिहून द्यायला सांगा आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा, खर्च बराच खाली येतो.

प्रश्न : माझी पाच वर्षं येत्या एप्रिलमध्ये पूर्ण होतात. सगळे म्हणतात सुटलीस, पेढे वाट. मला मात्र गोळी सुटायचीच भीती वाटायला लागलीय. पाच वर्षं वाटायचं रोज काहीतरी करतेय, आता काहीच नाही करायचं म्हणजे? बंद करू की पुढे चालू ठेवू? – कोल्हापूर

उत्तर : पाच वर्षं रोज गोळी घेतलीत, आधी त्याबद्दल तुमचं मनापासून कौतुक करू दे. कॅलिफोर्नियातल्या ८७६९ बायकांचा एक अभ्यास २०१० मध्ये आला होता, हार्मोनची गोळी सांगितलेला पूर्ण काळ नीट घेणाऱ्या त्यात निम्म्याच निघाल्या, ४९ टक्के. पेढे वाटाच.

भीतीबद्दल खरं तेच सांगते, कारण तुम्ही सरळ विचारलंय. हार्मोनवर वाढणारा कॅन्सर पाच वर्षांनंतरही परत येऊ शकतो. २०१७ मध्ये जवळपास ६३ हजार बायकांची माहिती छापून आली, या सगळ्यांनी पाच वर्षं गोळी घेऊन थांबवली होती. गाठ दोन सेंटिमीटरपर्यंत आणि काखेत काही नाही अशांमध्ये पुढच्या पंधरा वर्षांत लांबच्या अवयवात परत आलेल्यांचं प्रमाण १३ टक्के होतं, आणि गाठ त्याहून मोठी व काखेतल्या चार ते नऊ गाठींत गेलेला अशांमध्ये ४१ टक्के. म्हणजे तुम्ही कुठल्या गटात आहात त्यावर उत्तर अवलंबून आहे. काखेत गेला नव्हता, गाठ लहान, हाडं झिजलेली, तर पाच वर्षांवर थांबणं अगदी योग्य. काखेत गेलेला असेल आणि गोळी सोसली असेल तर पुढे चालू ठेवायचा विचार होतो, पण त्यालाही मर्यादा आहे. ऑस्ट्रियातल्या एका मोठ्या चाचणीत पाच वर्षांनंतर अॅनास्ट्रोझोल आणखी दोन वर्षं दिली आणि आणखी पाच वर्षं दिली तर कॅन्सरच्या बाबतीत दोन्ही सारखंच निघालं, हाडं मात्र पाच वर्षंवाल्यांची जास्त मोडली. त्यामुळे एकूण सात वर्षं हा आकडा डॉक्टरांच्या तोंडून ऐकलात तर दचकू नका.

एप्रिलच्या व्हिजिटला जाताना सगळ्यात पहिला बायॉप्सीचा रिपोर्ट, ऑपरेशननंतरचा रिपोर्ट आणि शेवटचा डेक्सा असे तिन्ही कागद बरोबर न्या, बऱ्याच जणी नवीन फाइल नेतात आणि जुनी माळ्यावर राहते, मग डॉक्टरांना अंदाजाने बोलावं लागतं. आणि काहीच करायचं नाही असं नाहीये हो, राहिलेल्या स्तनाची मॅमोग्राफी दर वर्षी आहेच, चालणं आहे, वजन ताब्यात ठेवणं आहे. अंघोळीच्या वेळी ऑपरेशनची जागा, काख, मानेचा खालचा भाग हाताने बघायची तुम्हाला एव्हाना सवय झाली असेल, ती महिन्यातून एकदा तशीच राहू द्या, आणि काही वेगळं हाताला लागलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन करा.